भायखळ्याला भैरवी

महोदय,

मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये मी २२ वर्षं भजनात टाळ धरतोय. भांडुपला विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, भायखळ्याला भैरवी. पखवाजाला जागा कुठली, डब्याच्या पत्र्यावरच ठेका.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. घरी टाळ घेतले, पण चार ओळींत हात थांबला. चाकांचा ठेका नव्हता ना! १५ ऑगस्ट २०२१ पासून लस घेतलेल्यांना प्रवास खुला झाला, तेव्हा आमच्यातले दोघे उरले नव्हते. एकाच्या आवडीची गवळण आजही घाटकोपर आलं की होतेच.

रात्रपाळी करून आलेल्या कुणाला आवाजाचा त्रास झाला तर जरूर सांगावं, टाळ पिशवीत ठेवू. हलक्या आवाजात म्हणू. पण भजन बंद करा, असं कृपया म्हणू नका.

– एक टाळकरी, मुलुंड