वर्सोव्याच्या मावशींना, पायाच्या अंगठ्याबद्दल

मावशी, नमस्कार. तुम्ही मोबाईल वाचत नाही हे माहितीय मला, सूनबाईंना विचारलंय, त्या म्हणल्या टाका, मी वाचून दाखवते. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, अंगठा गेलेला एखादा असणारच कुठेतरी.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या बेंचवर तुम्ही विचारलं होतं कसं झालं रं, आणि मी धड बोललो नव्हतो. तर जोगेश्वरीला फर्निचरच्या कारखान्यात होतो, १४ वर्षं. प्लायची बारीक पट्टी काढायची होती, कटरचा गार्ड मध्ये येत होता म्हणून काढून ठेवलेला, आणि तो दुसऱ्या कोणी नाही मीच काढलेला. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून. पोरांनी धावत जाऊन ज्यूसवाल्याकडून बर्फ आणला आणि अंगठा तसाच बर्फात टाकला डब्यात. नंतर कळलं की तो ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि मग ती पिशवी बर्फावर ठेवायची, थेट बर्फ लागला की मांस खराब होतं. पोरांना काय बोलणार, मला तरी कुठे माहीत होतं. तसाही कटरने चिंधड्या केल्या होत्या, बसला असता का नाही देव जाणे.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी चार रस्ते सांगितले. आहे तसं राहू दे. नाहीतर हाताचंच पहिलं बोट, तर्जनी, फिरवून अंगठ्याच्या जागी आणू. नाहीतर पायाचं दुसरं बोट, नाहीतर पायाचा अंगठा. म्हणाले हाताचं ४० टक्के काम एकटा अंगठा करतो. ते सांगायची गरज नव्हती, शर्टाचं बटण लावताना रोज कळत होतं. रात्री झोप यायची नाही, डाव्या हाताने मोबाईलवर शोधत बसायचो. सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात निकोलादोनी नावाच्या सर्जनने पायाचं बोट हाताला लावलं होतं, पण तेव्हा हात आणि पाय एकत्र बांधून पेशंटला कित्येक दिवस तसंच दुमडून ठेवायचे, जीव धरेपर्यंत. १९६८ ला इंग्लंडमध्ये कॉबेट म्हणून एकाने मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडून पायाचा अंगठा एका झटक्यात हाताला लावला. हे सगळं वाचून बायकोला सांगितलं तर ती म्हणाली हे तू मला बारा वाजता का सांगतोयस.

खरी अडचण आईची होती. पायाचं हाताला लावायचं? त्याच हाताने जेवणार, त्याच हाताने निरांजन ओवाळणार? तिचं चूक म्हणत नाही मी, मलाही आतून तसंच वाटत होतं, फक्त मी नोकरीचं कारण पुढे करायचो, पायाला काही झालं तर उभं कसं राहणार वगैरे.

आणि मग तुम्ही भेटलात. नातवाच्या भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग करायला आला होतात, माझ्या हाताकडे बघितलंत, काही न बोलता चप्पल काढून पाय पुढे केलात. दुसरं बोट नव्हतंच, नुसती फट. मग हात दाखवलात. बारीकसा अंगठा, टोकाला जरा फुगीर, आणि त्यावर लालभडक नेलपॉलिश! नातीने लावली म्हणालात. बंदरावर बर्फाच्या मशीनमध्ये गेला होता तुमचा. कमरेच्या बटव्यातून एक रुपयाचं नाणं काढलंत, फरशीवर टाकलंत आणि त्याच अंगठ्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवलंत. "कनाला घाबरतस रं, ये बाजारात, काम करताना बघ."

आलो मी दोन दिवसांनी. अर्धा तास उभा होतो तुमच्या पाटीपुढे, तुम्ही कोलंबी सोलत होतात. डोकं मुरगळायचं, अंगठ्याचं नख सालीखाली घालायचं, एक ओढ, धागा बाहेर. मोजल्या मी, वीसेक कोलंब्या होईपर्यंत एकदाही थांबला नाहीत. पण पापलेट धरताना दोनदा निसटलं आणि तुम्ही ते लपवलं नाहीत, हे माझ्या फार कामाला आलं. म्हणालात माझा बारीक आहे, मला पुरतो, तुझा हातोडा-पटाशीचा धंदा, तू मोठ्या अंगठ्याचं विचार डॉक्टरला. चप्पल मात्र अंगठ्याची विसरायची, पट्ट्याची घ्यायची. हे तोपर्यंत मला कोणीच बोललं नव्हतं, आणि मी तर वर्षभर स्लीपरवर फिरणारा माणूस.

आईचं सांगितलं तेव्हा हसलात. "आयला सांग, हात आन पाय काय येगल्या पोटातून आले का? मी याच हातान एकवीरेची ओटी भरतंय." घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली, पण दुसऱ्या दिवशी बायकोला विचारलं की ऑपरेशनला किती दिवस राहावं लागेल, डबा कोण नेणार.

तंबाखूचंही तुमच्यामुळेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तंबाखूने रक्ताच्या नळ्या आवळतात आणि नवीन बोट काळं पडू शकतं, पण डॉक्टर तर सगळ्यांना सगळंच सोडायला सांगतात. तुम्ही म्हणालात मी मिश्री सोडली, चाळीस वर्षांची, तेव्हा मला लाज वाटली. पुडी तिथेच तुमच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, आठवतंय का.

शेवटी पायाचा अंगठाच हाताला लावला, ऑपरेशन नऊ तास चाललं. पुढचे दिवस वाईट होते, खोटं कशाला सांगू. दर तासाला नर्स येऊन बोट दाबून बघायची, दाबल्यावर पांढरं झालेलं परत गुलाबी होतंय का. पंखा बंद, चहा बंद, एप्रिलचा महिना. दुसऱ्या रात्री बोट जांभळट दिसायला लागलं आणि परत आत नेलं, शिरेत गाठ अडकली होती ती काढली. त्या रात्री स्ट्रेचरवर तुमची नेलपॉलिश डोळ्यासमोर होती, हे वाचून तुम्ही हसणार.

स्पर्श कळवणारी नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते म्हणे. सहा महिने तो अंगठा म्हणजे हाताला चिकटवलेला खडू होता. मग एक दिवस चहाचा स्टीलचा ग्लास धरला आणि चटका बसला, हातातून ग्लास सुटला, लादीभर चहा, आणि आई आतून ओरडली तर मी म्हणलं भाजलं गं, भाजलं!

आता चौदा महिने झाले. पेन्सिल, स्क्रू, खिळा धरता येतो, हातोडीची पकड आधीइतकी नाही. पाय थंडीत ठणकतो आणि चालताना शेवटचा रेटा कमी पडतो, सुटलेली लोकल पळून पकडणं बंद केलंय. कारखाना दुसरा आहे, कटरला गार्ड आहे आणि तो काढणाऱ्या पोराला मी हात दाखवतो.

तुमचा मासे कापायचा ओंडका एका बाजूने कलता होता, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, ते तेव्हाच डोक्यात राहिलं होतं. चिंचेचं लाकूड मिळालंय. तीन रविवार बसून केलाय, रंधा याच हाताने मारलाय, एका कडेला जरा खोल गेलाय तो समजून घ्या. सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा घेऊन येतो. आई पण येणार म्हणतेय, आणि येताना बोंबील तुमच्याकडूनच घ्यायचे असं तिने बजावलंय, तर ताजे नसतील तर तसं सूनबाईंना कळवायला सांगा, मग मंगळवारी येऊ.