नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासायची नाही?

महोदय,

सुट्टीत समृद्धी महामार्गाने निघणारी मंडळी आधी टायरमध्ये नायट्रोजन भरून घेतात. व्हॉल्व्हवर हिरवी टोपी बसली की निर्धास्त होतात आणि पुढे महिनोन् महिने हवा तपासत नाहीत. आता या निर्धास्तपणाला मोबाइलमधल्या एआय सहायकाचाही दुजोरा मिळू लागला आहे, म्हणून हे पत्र.

‘नायट्रोजन का चांगला?’ असे मी अशाच एका सहायकाला विचारले. टायर थंड राहतो, फुटत नाही, मायलेज वाढते, असे ठणकावून उत्तर आले. मग ‘नायट्रोजन म्हणजे निव्वळ लूट ना?’ असे विचारले, तर ‘अगदी बरोबर’ म्हणत त्याने तेच फायदे खोडून काढले. विचारणाऱ्याचा कल दिसला की उत्तर तिकडे झुकते. म्हणून त्याला काही विचारूच नये, असे आमचे शेजारी म्हणतात. मला ते पटत नाही. विचारावे, पण ताडून पाहावे. आणि टायरच्या दुकानातली नायट्रोजनचे फायदे सांगणारी पाटीही तशीच ताडून पाहावी. तिच्यावर मात्र कोणी शंका घेत नाही!

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने 2006-07 मध्ये 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) भरून वर्षभर उघड्यावर ठेवले. साध्या हवेचा दाब सरासरी 3.5 पीएसआयने उतरला, नायट्रोजनचा 2.2 ने. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. आणि दाब नायट्रोजनचाही उतरतोच. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात ते मुख्यतः ब्रेक प्रचंड तापल्यावर आतल्या ऑक्सिजनमुळे पेट घेऊन टायरचा स्फोट होऊ नये म्हणून. आपल्या मोटारीच्या टायरला तेवढी धग सहसा लागत नाही.

उष्णतेचे म्हणाल, तर 25 अंशांना 32 पीएसआय भरलेला टायर 60 अंशांपर्यंत तापला की दाब साधारण 37 वर जातो. आत कोरडी हवा असो वा नायट्रोजन, वाढ जवळपास तेवढीच. हे गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा दाब ठरवलेला असतो. तरीही ‘ऊन आहे, हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला गावोगावी दिला जातो. तो घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उलगडते, पुन्हा दबते. आतले रबर आणि धागे त्या घुसळणीने तापत जातात. वेग जास्त, गाडीत माणसे आणि सामान खच्चून भरलेले, तासन्‌तास ब्रेक नाही की वळण नाही, अशा वेळी टायर फुटतो.

आपल्या गाडीत किती हवा हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो. टायरवर कोरलेला कमाल दाब म्हणजे तो आकडा नव्हे. टायरवरच चार अंकी तारीखही असते: 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. जुना, कडक झालेला टायर नायट्रोजनने तरुण होत नाही.

पेट्रोल पंपावर इंधनाचे माप तपासले जाते, तसेच हवेचे गेजही वैधमापन विभागाने नियमित तपासावे आणि तपासणीची तारीख गेजवरच लावावी. समृद्धीच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर असे एक गेज आणि ते वापरणारा एक माणूस ठेवावा. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर