मंत्रिमहोदय, आमच्या कामाची नोंद कुठे आहे?

माननीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी निवृत्त फिल्म-संकलक. सरकारी माहितीपटांच्या मराठी आवृत्त्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी जोडलेल्या चित्रपटांची यादी मिळेल, ते पाहताही येतील, असा शब्द एका सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी मला भर सभेत दिला होता. परवा उत्तर आलं : 'सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.' एका ओळीत अख्खी नोकरी पुसून टाकलीत!

माझं एकवेळ राहू द्या. एझरा मीर आज किती जणांना माहीत आहेत? कलकत्त्यात जन्मलेला हा माणूस महायुद्धाच्या काळात मुंबईत ब्रिटिश सरकारसाठी चित्रपट करत होता. १९४० साली युद्धप्रचाराचे चित्रपट काढणारं सरकारी फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड निघालं, तेव्हा निर्मितीसाठी इंग्लंडहून अलेक्झांडर शॉ आले. त्यांच्यानंतर काही काळ आपले व्ही. शांतारामही तिथे होते. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया हा सरकारी चित्रपट-विभाग उभा राहिला आणि त्याची धुरा मीर यांनी वाहिली. थिएटरवाल्यांना कायद्याने ही रिळं दाखवावीच लागत. परक्या सरकारचा प्रचार म्हणून लोक चिडायचे, आणि ते रास्तच होतं. १९४६ मध्ये कायदेमंडळाने पैसा तोडला, हा विभाग बंद झाला. परिणाम काय? १५ ऑगस्ट १९४७ आला तेव्हा सरकारकडे स्वतःचं चित्रपट-पथकच नव्हतं. तो दिवस टिपला खासगी कॅमेरामननी.

त्यानंतर १९४८ मध्ये सरकारी माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन काढावी लागली आणि १९५६ मध्ये तिथे प्रमुख निर्माते म्हणून पुन्हा मीर यांनाच आणावं लागलं. माणसं आधी घालवायची, मग गरज पडली की शोधायची, ही सरकारांची जुनी खोड आहे. लंडनमध्ये माहितीपटकार हम्फ्री जेनिंग्ज ब्रिटिश सरकारच्या ज्या क्राउन फिल्म युनिटमध्ये घडले, तेही १९५२ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद केलं.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. एकही कर्मचारी कमी होणार नाही, असं तुमच्या सरकारने २०२० मध्येच जाहीर केलं होतं. आमच्या कामाबद्दल मात्र अवाक्षर नाही. आठ हजारांहून जास्त चित्रपटांचा तो ठेवा आहे! पांढरे हातमोजे घालून, पिवळ्या पेन्सिलीने फ्रेमवर खूण करत आम्ही तो एकेक फूट जोडला आहे. डब्याचं झाकण काढलं आणि व्हिनेगरचा भपकारा आला, तर आतली फिल्म मरायला लागली असं समजायचं. हे शिकवायला कुठलीही समिती नेमावी लागत नाही. फीत कापणारा मंत्री प्रत्येक रिळात सापडेल. ते रीळ कापून जोडणाऱ्या बाईचं नाव कुठे सापडेल?

प्रत्येक चित्रपटापुढे कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक आणि निवेदक यांची नावं असलेली यादी जाहीर करा. मराठी आवाजाच्या फिती कुठल्या डब्यांत आहेत ते सांगा आणि ते डबे थंड, कोरड्या खोलीत हलवा. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांना बोलावून घ्या. कोणतं रीळ कोणाचं, हे ते अजूनही बघताक्षणी सांगतील.

आपली,
एक निवृत्त संकलक, मुंबई