गुळाच्या पाण्यात चीज

बोगोता, कोलंबिया, रविवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस आणि मी "हो" म्हणून विषय बदलते. काय जेवले ते सांगायला गेलं की नुसतं "म्हणजे काय गं?" चालतं. म्हणून आज लिहूनच काढते.

बोगोता २६०० मीटर उंचीवर, बारा महिने गारठा. त्यामुळे इथलं खरं जेवण म्हणजे आहियाको, बटाट्याचं दाट सूप. तीन जातींचे बटाटे लागतात. त्यातला 'पापा क्रिओया' लिंबाएवढा, पिवळाधमक. तो पार विरघळतो आणि त्यानेच रस दाट होतो. सोबत कोंबडी, कणसाचा तुकडा आणि ग्वास्कास नावाचा पाला. तो नसेल तर त्याला आहियाको म्हणायचं नाही, असं घरमालकीणबाईंचं म्हणणं. वरून साय आणि खारवलेल्या केपर्सच्या कळ्या. तिखटाचं नाव नाही! पहिल्या दिवशी मी तुझा कांदा-लसूण मसाला हळूच भुरभुरला. पुढच्या खेपेला बाईंनी वाढायच्या आधीच विचारलं, "ती लाल पूड खोलीतच आहे ना?"

मेदेयिनकडच्या बांदेहा पाइसात राजमा, भात, खिमा, तळलेलं डुकराचं मांस, अंडं, केळं, शिवाय अरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, सगळं एकाच ताटात. मला अर्धंही संपलं नाही. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो युका इथे रोजच उकडून, तळून खातात, म्हणजे माझा बारा महिने उपासच समज. दक्षिणेत पास्तोकडे काय भाजून खातात ते मात्र फक्त बाबांना सांगेन.

बाबा, आता तुमच्यासाठी. गेल्या शनिवारी बियेताला गेले होते. दोन-अडीच तास घाट उतरलं की ऊस लागतो. तिथे गुऱ्हाळ पाहिलं. त्याला 'त्रापिचे' म्हणतात आणि गुळाला 'पानेला'. गुळात पहिला नंबर आपला, दुसरा यांचा, हे मला इथे येऊन कळलं. तोच चरक, चुलवाणात तीच वाळकी चिपाडं. मळी काढायला आपण भेंडी ठेचून घालायचो ना, तसा हे लोक 'बाल्सो' झाडाच्या सालीचा चिकट रस घालतात. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये भेंडीचं सांगितलं, तर गुळव्या हसला आणि त्याने पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून दाखवली. अगदी तुम्ही दाखवायचात तशी. आपलं गुऱ्हाळ बंद झाल्यापासून ती गोळी मी पाहिली नव्हती. मग थोडा वेळ धुराचं निमित्त करून बाहेर उभी राहिले.

घरोघरी या गुळाचं गरम पाणी पितात, अग्वापानेला. त्यात पांढऱ्या चीजचे तुकडे टाकायचे, मिनिटभर थांबायचं आणि चमच्याने उचलायचं. लांब तार निघते. आई, तोंड वाकडं करू नकोस. खारट-गोड छान लागतं, गूळ-शेंगदाण्यासारखंच.

येताना चार पानेला आणतेय. बाबा, रंग काळपट आहे, बाजारात भाव मिळाला नसता म्हणाल. आधी खाऊन बघा. आणि आई, चीजऐवजी पनीर चालत नाही, ते वितळतच नाही. करून पाहिलंय.

तुमची,
धाकटी