रविवारची राइड : नवीन बोअर झालेल्या गाड्यांसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाजवळून (आपलं गोल्फ क्लब) निघून अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं आहे. ज्यांनी टू-स्ट्रोक गाडीचं नुकतंच बोअर करून (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून) पिस्टन-रिंगा बदलल्या आहेत, त्यांच्यासाठीच इंजिन रुळवायची ही राइड. कसारा किंवा वणीचा घाट या गाड्यांना सध्या नको.

- ऑईल टू-स्ट्रोकचंच. येझदीसारख्या, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून टाकायच्या गाडीत लिटरभर पेट्रोलला ५० मिली ऑईल घरूनच मोजून आणा. झाकणाचा अंदाज चालणार नाही. "नवीन इंजिन आहे, जरा जास्तच टाकू" हेही नको. ऑईल वाढलं की कार्बोरेटरच्या तेवढ्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापतं.
- यामाहा आरएक्सवाल्यांनी (या गाडीत ऑईल वेगळ्या टाकीतून पंपाने जातं) ऑईलची टाकी भरलेली आणि पंपाची केबल नीट आहे ना, ते बघून यावं.
- एकच थ्रॉटल धरून बसू नका, कमी-जास्त करत राहा. टॉप गिअरमध्ये इंजिन कुंथवू नका. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडू नका, कारण या इंजिनाला ऑईल पेट्रोलबरोबरच मिळतं.
- आवाज बदलला किंवा ओढ अचानक कमी झाली की लगेच क्लच दाबा आणि बाजूला थांबा.

वाटेत मिसळीला थांबू. इंजिनं पूर्ण गार झाल्याशिवाय कुणी किक मारायची नाही. हेडचे नट घरी गेल्यावर, थंड इंजिनावर तपासा. प्लगपाना आणि एक जादा प्लग प्रत्येकाने आणावा. हेल्मेट नसेल तर येऊ नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच गाडीचं नाव टाकावं.