न्यू जर्सीच्या शिक्षण आयुक्तांना खुलं पत्र: आमच्या मुलांना फक्त आमचाच इतिहास शिकवू नका

प्रति,
माननीय शिक्षण आयुक्त,
न्यू जर्सी राज्य, ट्रेंटन

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. इथल्या मराठी पालकांनीही ते वाचावं म्हणून मराठीत लिहिते आहे, कारण त्यांनी साथ दिली नाही तर माझी मागणी पुढे सरकणार नाही.

आशियाई-अमेरिकनांचा इतिहास शाळांतून शिकवायचाच, असा कायदा आपल्या राज्याने जानेवारी २०२२ मध्ये केला. कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी २००२ चा अमिस्टाड कायदा आधीपासून आहेच. दोन्ही कायदे चांगले आहेत, माझी तक्रार अंमलबजावणीबद्दल आहे. फेब्रुवारी कृष्णवर्णीयांचा, मे महिना आशियाईंचा, अशी वाटणी होऊन बसली आहे. माझ्या मुलीने मे महिन्यात वर्गातून एक कागद आणला. त्यावर एक अंतराळवीर, एक खेळाडू, एक राजकारणी, प्रत्येकाचा फोटो आणि खाली दोन ओळी. तिला आनंद झाला, मलाही झाला. पण ही माणसं या देशात आली कशी, त्यांना येऊ कुणी दिलं, याबद्दल त्या कागदावर अक्षरही नव्हतं.

आम्हा भारतीयांचंच घ्या. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं अशा कित्येकांचंही ते काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा नवा कायदा. दोन्हींवर सही राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचीच. वंश बघून मत नाकारणं जर अन्याय असेल, तर वंश बघून देशाबाहेर ठेवणं न्याय कसं ठरेल, हा प्रश्न अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी मार खाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे देशापुढे उभा राहिला. एडिसनमधलं आमचं घरन्‌घर त्यांचं ऋणी आहे. आमच्या मुलांना हे माहीत नाही, कारण आम्हालाच कुणी सांगितलं नाही. "शिकलो, कष्ट केले, वर आलो" एवढंच आम्ही घरी सांगतो. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे.

उरलेलं अर्धं शोधायला फार लांब जावं लागत नाही. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर आम्ही दर आठवड्याला भाजी आणायला जातो, तिथून पर्थ अँबॉय जवळच आहे. ३१ मार्च १८७० रोजी थॉमस मंडी पीटरसन यांनी तिथे मत दिलं. वंशावरून कुणाचं मत नाकारता येणार नाही, असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती जाहीर होऊन एकच दिवस झाला होता. त्या दुरुस्तीनंतर मतदान करणारे ते देशातले पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. मतदान होतं गावाच्या सनदेवर, म्हणजे गावाच्या कारभाराच्या नियमांवर, आणि मत देणारा माणूस पुढे शाळेची देखभाल करणारा साधा कर्मचारी होता. त्यांची कबर तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. याच गावाच्या बंदरात कधीकाळी गुलाम उतरवले जात. उत्तरेच्या राज्यांत गुलामगिरी सर्वांत शेवटी संपली ती न्यू जर्सीत, १८६६ मध्ये. आमची मुलं मात्र समजतात की गुलामगिरी ही दक्षिणेतली, कापसाच्या शेतांतली गोष्ट.

मराठी वाचकांना इथे थोडं थांबवते. पीटरसन यांच्या मतदानानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून जोतीरावांना जे नातं दिसलं, ते आपल्याला इथे राहून दिसत नाही. घर बघायला गेलो की "त्या बाजूला नको, तिकडची वस्ती बरी नाही" असं आपण सहज म्हणून जातो. मुलं मागच्या सीटवर बसून ते ऐकत असतात. त्यांच्या कानावर दुसरं काही पडायचं असेल तर ते शाळेतच पडेल.

आयुक्त, आता राज्याच्या दक्षिणेला, कंबरलँड काउंटीतल्या सीब्रुकला चला. भाज्या पिकवून, गोठवून पाकीटबंद करण्याचा तिथे अवाढव्य उद्योग होता. दुसऱ्या महायुद्धात मजूर मिळेनात, तेव्हा १९४४ पासून छावण्यांमधली जपानी-अमेरिकन कुटुंबं तिथे आणली गेली. १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडून तारेच्या कुंपणात राहावं लागलं होतं, आणि त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास माणसं सीब्रुकला आली. बारा-बारा तासांच्या पाळ्या, पुढ्यात वाटाणे आणि पालक, राहायला बराकी. त्याच उद्योगात दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय राबत होते, जमैकाचे कामगार होते, युद्धानंतर एस्टोनियाचे निर्वासितही आले. तिथल्या बौद्ध मंदिरात पूर्वजांच्या स्मरणाचा ओबोन सण आजही होतो, आपल्या पितृपक्षासारखा, फक्त त्यात लोक फेर धरून नाचतात. या सगळ्याचं एक छोटं संग्रहालय नगरपालिकेच्या इमारतीत आहे. आता सांगा, सीब्रुकचा धडा फेब्रुवारीत शिकवायचा की मे महिन्यात?

त्याच १९४४ च्या जानेवारीत आपल्या ट्रेंटन शहरातल्या दोन आया, ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. मुलं कृष्णवर्णीय म्हणून घराजवळच्या शाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. वंशानुसार वेगळ्या शाळा देशभर घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल यायला अजून दहा वर्षं होती. तरीही, आमच्या शाळा वंशानुसार विभागलेल्याच आहेत म्हणून २०१८ मध्ये राज्यावर पुन्हा खटला भरावा लागला. हेही मुलांना सांगायला हवं.

म्हणून माझी मागणी अशी. महिन्यांची वाटणी सोडून हे धडे गावांच्या आधाराने रचा. पर्थ अँबॉय, ट्रेंटन, सीब्रुक ही ठिकाणं प्रत्येक शाळेच्या सहलीच्या यादीत घाला आणि बसचा खर्च राज्याने उचला, नाहीतर श्रीमंत गावांचीच मुलं तिथे पोचतील. शिक्षकांना तयारीसाठी पगारी दिवस द्या. कायदा केला आणि शिक्षकाच्या हातात काहीच दिलं नाही, तर फोटो आणि दोन ओळींपलीकडे तो जाणार तरी कसा?

आणि एक काम तातडीचं आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत स्वतःला 'डॉटबस्टर्स' (म्हणजे टिकली फोडणारे) म्हणवणाऱ्या टोळीने आमच्या लोकांना शहरातून हाकलून लावण्याची धमकी वर्तमानपत्राला पत्र लिहून दिली होती. भारतीयांवर हल्ले झाले. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये मारहाण झालेला एक भारतीय तरुण दगावला. कपाळावरची टिकली काढून घराबाहेर पडलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुलं-नातवंडंसुद्धा हा विषय काढत नाहीत. हायस्कूलच्या मुलांकडून या आज्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्या. मुलं सगळ्या समाजांतली असू द्या, आणि त्यांनी ट्रेंटनच्या कृष्णवर्णीय आज्यांचंही तितकंच ऐकू द्या. येत्या शालेय वर्षात हे काम सुरू करता येईल का, एवढं आम्हाला लेखी कळवावं. मुलाखतींसाठी मराठी आणि गुजराती दुभाषे जमवण्याचं काम मी आणि माझ्या ओळखीचे पालक विनामोबदला करू.

आपली विश्वासू,
एक मराठी पालक
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी