नोकरीचा हक्क आणि निकाहनाम्यातली अट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विवाहित मुस्लिम स्त्रीच्या नोकरीवर वाद झाला की एक बाजू पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजांचा व्यापार पुढे करते, दुसरी घरची जबाबदारी. दोन्ही बाजूंचा नेम चुकतो. स्त्रीने कमवावे की नाही, यावर फिकह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, फारसे अडलेलेच नाही. कुराणाच्या चौथ्या सूरेतील 32वी आयत स्त्रीच्या कमाईत तिचा वाटा सांगते. पारंपरिक कायद्यातही नवऱ्याचा तिच्या पगारावर हक्क नाही, आणि ती श्रीमंत असली तरी तिचा नफका, म्हणजे अन्न-वस्त्र-निवाऱ्याचा खर्च, त्याच्याच माथी. अडते ते उंबरठ्यावर. जुन्या फकिहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, नफका आणि ताबेदारी यांची गाठ मारली: नवरा पोसतो, म्हणून बायकोने विनापरवानगी बाहेर पडायचे नाही, पडली तर ती ‘नाशिजा’, म्हणजे अवज्ञा करणारी, आणि नफका बंद.

इस्लामी स्त्रीवाद्यांचा हल्ला या गाठीवर आहे. त्याच सूरेच्या 34व्या आयतीतील ‘कव्वाम’ म्हणजे हुकूमत नव्हे, जबाबदारी, असे अमीना वदूद आणि अस्मा बरलास मांडतात. पुरुष आपल्या मालातून खर्च करतात, हे कारण आयतीतच दिलेले आहे. तिथल्या ‘कानितात’चा अर्थ सर्रास ‘नवऱ्याच्या आज्ञेतल्या’ असा लावतात. पण 33व्या सूरेच्या 35व्या आयतीत हाच शब्द पुरुषांनाही लागतो, आणि तिथे आज्ञा अल्लाहची. अभ्यासक झीबा मीर-होसेनी पुढे जाऊन म्हणतात की विवाहाचा हा साचा फकिहांनी घडवला, म्हणून तो बदलता येतो. मुस्लिम कुटुंबात समता मागणाऱ्या, 2009 मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेल्या ‘मुसावा’ चळवळीची भूमिका हीच.

कायद्यांनी ही गाठ अर्धवटच सोडवली. इजिप्तमध्ये 1985 च्या दुरुस्तीनुसार वैध कामासाठी बाहेर पडल्याने नफका जात नाही. मात्र ते काम कुटुंबहिताविरुद्ध ठरले आणि नवऱ्याने सोडायला सांगितले असेल, तर जातो. इराणच्या नागरी संहितेचे कलम 1117 नवऱ्याला कुटुंबहित किंवा प्रतिष्ठेच्या नावाखाली पत्नीचे काम थांबवू देते. मोरोक्कोने 2004 मध्ये आज्ञापालनाचे कर्तव्यच काढून टाकले. तिथे बाप असमर्थ आणि आई सधन असेल, तर मुलांचा खर्च आईवर येतो. समतेची ही बाजू भाषणांत क्वचितच ऐकू येते, पण ती रास्त आहे.

कायदा बदलेपर्यंत हाताशी उरते ती निकाहनाम्यातली अट, आणि तीच बहुधा कच्ची लिहिली जाते. ‘नोकरीला हरकत नाही’ एवढ्याने काही साधत नाही. उद्या नोकरी बदलली, बदली झाली, रात्रपाळी आली की ‘हरकत त्या नोकरीला नव्हती, हिला आहे’ असे उत्तर मिळते. म्हणून कोणतेही वैध काम, शिक्षण, बदली, पगारावर तिचाच हक्क आणि नफका चालू राहणे, हे सारे वेगवेगळे लिहावे. सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी हंबली मतात अशी अट मोडली तर पत्नी विवाह रद्द करून मागू शकते. हनफी मतात नुसती अट नवऱ्याला बांधत नाही. तिथे अटीला तफवीज-ए-तलाक जोडावा लागतो: नवऱ्याने अडवले तर स्वतःला तलाक देण्याचा अधिकार पत्नीकडे. त्यातही ‘जेव्हा कधी’ हे शब्द हवेत. ते नसतील तर हनफी नियमाने हा अधिकार ज्या बैठकीत लागू होतो, त्या बैठकीपुरताच उरतो. बैठक उठली की तोही गेला.

आपला,
एक वाचक